सहा हजारांची जुनी गाडी, सदतीस लाखांना!

चाकांची दुनिया

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक सोप्पा प्रश्न. तुमची सायकल चार वर्षं वापरून झाली आणि ती विकायची ठरली, तर किंमत जास्त येईल की कमी? 'कमी!' असं तुम्ही एका सुरात ओरडला असाल. बरोबरच आहे. वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, हे आपल्याला रद्दीवाल्याच्या तराजूपासून ठाऊक असतं.

मग आता ही गोष्ट ऐका. १९६८ साली अमेरिकेत 'बुलिट' नावाचा सिनेमा आला. त्यात स्टीव्ह मॅक्वीन हा नट गडद हिरव्या रंगाची फोर्ड मस्टँग गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून अशी काही पळवतो, की आजही गाड्यांच्या पाठलागाचा विषय निघाला की लोक त्याच सिनेमाचं नाव घेतात. शूटिंग संपलं आणि ती गाडी विकली गेली. १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी मासिकातली छोटी जाहिरात वाचून ती ६,००० डॉलरना घेतली. त्यांच्या पत्नी शिक्षिका होत्या. त्या ही गाडी घेऊन चक्क शाळेत शिकवायला जायच्या! १९७७मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. या कुटुंबाने दिली नाही. १९८०मध्ये क्लच गेला आणि गाडी जी एका जागी उभी राहिली, ती कितीतरी वर्षं तशीच. रंग उडालेला, गंज चढलेला.

वडील वारल्यावर मुलाने गाडी पुन्हा चालती केली. १० जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, किसिमी या गावी तिचा लिलाव झाला. किती आले असतील? ३७ लाख ४० हजार डॉलर! त्या वेळच्या हिशोबाने साधारण साडेसव्वीस कोटी रुपये. आणि गंमत म्हणजे गाडीला नवा रंगसुद्धा दिलेला नव्हता.

सहा हजारांचे सदतीस लाख झाले कसे? आज आपण हेच समजून घेणार आहोत. आई-बाबांनाही हे पान वाचायला द्या, कारण शेवटी त्यांच्याही कामाचं काहीतरी आहे.

गाडी मध्यम, इंजिन दांडगं

या प्रकारच्या गाड्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. थोडक्यात, पैलवान गाडी! कृती अगदी साधी: मध्यम आकाराची, दोन दारांची, साधीसुधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. किंमत मात्र अशी ठेवायची, की नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणालाही ती परवडावी.

पहिली मसल कार कोणती यावर लोक आजही तावातावाने भांडतात. पण बहुतेक जण नाव घेतात ते १९६४च्या पाँटिअॅक जीटीओचं. तिची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. पाँटिअॅक ही जनरल मोटर्सची शाखा. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिअॅकचे इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या साथीदारांनी पळवाट शोधली. त्यांनी ३८९ घन इंचांचं इंजिन नव्या गाडीत दिलंच नाही! नेहमीच्या 'टेंपेस्ट' गाडीवर सुमारे ३०० डॉलर जादा भरून घ्यायचं 'पर्यायी सामान' म्हणून ते दिलं. जीटीओ हे नावही फेरारीच्या गाडीवरून उचललेलं. वरिष्ठांना वाटलं, पाच हजार खपल्या तरी खूप झालं. पहिल्याच वर्षी खपल्या ३२,४५०!

३८९ घन इंच म्हणजे किती, ते आपल्या भाषेत सांगतो. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. तिचं इंजिन १,०८९ सीसीचं. जीटीओचं सुमारे ६,३७५ सीसीचं. म्हणजे एका बॉनेटखाली जवळजवळ सहा पद्मिनी! अर्थात पेट्रोलही तसंच पिणार. लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तरी मालक खूश.

पद्मिनीचं नाव निघालंच आहे, तर आपल्याकडचा एक धागाही सांगून टाकतो. ती जिथे तयार झाली तो कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेला. तिथे १९४७पासून सुरुवातीला गाड्या जोडल्या जायच्या त्या अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या. डॉज आणि प्लिमथ या त्यातल्याच. पुढे याच घराण्यातून तिकडे भल्या भल्या मसल कार निघाल्या. आपल्या कुर्ल्याला मात्र साध्या, कुटुंबाच्या गाड्या आल्या.

आधी पैलवान, मग भंगार

एक निघाली की मागोमाग दुसरी. शेव्हरोलेटची शेव्हेल आणि कमॅरो, डॉजची चार्जर, प्लिमथची रोडरनर आणि 'कुडा. क्रायस्लरने तर 'हेमी' नावाचं ४२६ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ७ लिटरचं इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणलं. याच्या आतली ज्वलनाची पोकळी अर्धगोलासारखी असते. अर्धगोलाला इंग्रजीत हेमिस्फिअर म्हणतात, त्याचं लाडाचं रूप हेमी.

पण ही मौज दहा वर्षंच टिकली. तरुण पोरं आणि वेगवान गाड्या म्हटल्यावर अपघात आलेच. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७०मध्ये अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि धूर कमी करण्यासाठी इंजिनांची ताकद उतरवावी लागली. त्यात ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी आता कोण घेणार?

झालं! कालच्या पैलवान गाड्या सेकंडहँड बाजारात कवडीमोलाने जाऊ लागल्या. काही शर्यतीत मोडल्या. काही बर्फाच्या प्रदेशात सडल्या, कारण तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठाने पत्रा खाल्ला जातो. काहींची मूळ इंजिनं काढून साधी बसवली गेली. टीव्हीवरच्या 'ड्यूक्स ऑफ हझार्ड' मालिकेत उड्या मारता मारता सुमारे तीनशे डॉज चार्जर मोडल्याचं सांगतात!

आता आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. वस्तू फार मोजक्या उरल्या. पण नुसतं मोजकं असून भागत नाही. माझ्या फाटक्या चपलांसारखा जोड जगात दुसरा नाही, म्हणून त्याला कोणी लाख रुपये देत नाही! मागणारेही हवेत. १९६८ साली जे सोळा-सतरा वर्षांचे होते आणि दुकानाच्या काचेला नाक लावून या गाड्या बघत होते, ते पुढे पन्नाशीला आले. हातात पैसा आला. लहानपणी हुकलेली गाडी आता घेऊ, असं अनेकांना एकाच काळात वाटलं. गाड्या थोड्या, मागणारे पुष्कळ. किंमत चढली.

हातोडा कसा पडतो?

या गाड्यांचा व्यापार तीन ठिकाणी चालतो. पहिलं म्हणजे छोट्या जाहिराती. १९५४पासून निघणारं 'हेमिंग्ज मोटर न्यूज' हे मासिक बरीच वर्षं जुन्या गाड्यांच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या जाहिरातींनी गच्च भरलेलं असायचं. दुसरं म्हणजे जत्रा. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाइल गावी १९७४पासून अशी जत्रा भरते. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा. तसाच, पण शेकडो पट मोठा. कोणी दरवाजाचं हँडल शोधतंय, कोणी टपाच्या कडेची रबरी पट्टी.

तिसरं ठिकाण लिलाव. अॅरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल शहरातला 'बॅरेट-जॅक्सन'चा लिलाव १९७१पासून प्रसिद्ध आहे. आपली मस्टँग विकली गेली ती 'मीकम' या दुसऱ्या संस्थेच्या लिलावात.

लिलावात दोन प्रकार असतात. पहिल्यात मालक मनातली किमान किंमत संस्थेला सांगून ठेवतो. बोली तिथपर्यंत पोचली नाही, तर गाडी परत घरी. दुसऱ्यात अशी किंमतच नसते. शेवटची बोली जी असेल, तिला गाडी द्यायची म्हणजे द्यायचीच. मग ती दहा डॉलर का असेना! 'बुलिट'ची मस्टँग या दुसऱ्या प्रकाराने विकायला काढली होती. काळीज घट्ट लागतं हो!

हातोडा पडला तेव्हा बोली होती ३४ लाख डॉलर. मग ३७ लाख ४० हजार कुठून आले? वरचे ३ लाख ४० हजार म्हणजे बरोबर १० टक्के. हा संस्थेचा आकार असतो आणि तो खरेदीदाराला बोलीवर द्यावा लागतो. नवखा माणूस हे विसरतो. खिशात लाख आहेत म्हणून लाखाची बोली लावतो आणि वरचे दहा हजार उभे करताना त्याची धावपळ होते.

खरी कुठली, खोटी कुठली?

आता येतो सगळ्यात महत्त्वाचा भाग. लक्ष देऊन वाचा.

१९७१ सालच्या हेमी इंजिनाच्या, उघड्या टपाच्या प्लिमथ 'कुडा जेमतेम डझनभर बनल्या. त्यांतली एक २०१४ साली सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. पण त्याच सालची तशीच दिसणारी, लहान इंजिनाची गाडी? ती तिच्या एका कोपऱ्याइतक्या किमतीला मिळते. दोन्हींचा पत्रा तोच, दिवे तेच, रंगही तोच. मग एखाद्या लबाडाच्या मनात काय येईल? साधी गाडी घ्यावी, कुठूनतरी हेमी इंजिन आणून बसवावं, चिन्हं चिकटवावीत आणि 'अस्सल हेमी' म्हणून विकावी!

असं घडतं. म्हणून जाणकार खरेदीदार गाडीच्या रंगाकडे बघण्याआधी तिचे नंबर वाचतो. जणू गुप्तहेरच! १९७१च्या त्या अस्सल गाडीचा नंबर 'बीएस२७आर१' असा सुरू होतो. फोडून बघू या. 'बी' म्हणजे बॅराकुडा, 'एस' म्हणजे तिचा खास प्रकार, 'कुडा. '२७' म्हणजे उघडा टप. 'आर' म्हणजे हेमी इंजिन. आणि '१' म्हणजे १९७१ साल. 'आर'च्या जागी 'एच' असेल, तर कारखान्यातून गाडी ३४० घन इंचांच्या इंजिनासह निघाली. आता त्यात हेमी काय, विमानाचं इंजिन बसवलं, तरी ती अस्सल हेमी होत नाही.

एवढ्यावर थांबून चालत नाही. इंजिनाच्या ठोकळ्यावरही गाडीच्या नंबराचा काही भाग ठोकलेला असतो. तो गाडीच्या नंबराशी जुळला, तर इंजिन मूळचंच. अशा गाडीला किंमत जास्त. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली एक छोटी पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर रंगापासून सामानापर्यंत सगळं सांकेतिक भाषेत लिहिलेलं. शिवाय गाडी जोडताना कामगारांच्या हाती एक छापील कागद असायचा. तो काम झालं की कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत तसाच राहून जायचा. पन्नास वर्षांनी सीट उसवली आणि पिवळा पडलेला कागद निघाला की मालक नाचायला लागतो!

काही गाड्यांचा नंबर मात्र सगळं सांगत नाही. १९६४ची जीटीओ आठवते ना? ती होती 'पर्यायी सामान'. त्यामुळे तिचा नंबर नेहमीच्या गाडीसारखाच. तिथे कारखान्याच्या जुन्या नोंदीच कामी येतात. पाँटिअॅक कंपनी २०१०मध्ये बंद झाली, तरी त्या नोंदींवरून दाखला देणारी संस्था आहे. फोर्डच्या १९६७पासून पुढच्या गाड्यांचा असा दाखला केव्हिन मार्टी यांच्याकडून मिळतो.

नंबर वाचण्याने काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण सांगतो. 'बुलिट'मध्ये खरं तर दोन हिरव्या मस्टँग होत्या. दुसरी उड्या मारण्यासाठी वापरली होती. ती गायब झाली आणि भंगारात गेली असंच सगळे समजत होते. २०१७च्या सुमारास मेक्सिकोत, भंगाराच्या एका आवारात पांढरा रंग फासलेली, मोडकी मस्टँग दोघांना सापडली. एका वेगळ्याच सिनेमातल्या मस्टँगची नक्कल बनवायला त्यांनी ती घेतली होती. कापाकापी सुरू करण्याआधी नंबर तपासला आणि काय! तो 'बुलिट'च्या पहिल्या गाडीच्या अगदी शेजारचा निघाला. नंबर वाचला नसता, तर अस्सल गाडी कापून तिची नक्कल झाली असती!

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. नक्कल बनवणं हा गुन्हा नव्हे. कितीतरी लोक हौसेने साध्या गाडीला हेमीचं रूप देतात आणि विकताना स्पष्ट सांगतात, 'ही नक्कल आहे बरं का.' घेणारा तेवढीच किंमत देतो आणि मजेत चालवतो. दोघेही सुखी. लबाडी सुरू होते ती सांगायचं टाळल्यावर. आणि गाडीवरचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा तर अमेरिकेत सरळ सरळ कायद्याने गुन्हा आहे.

लोहचुंबकाची युक्ती

तिकडचे जुने खरेदीदार खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवतात. कशाला? गंजून पडलेलं भोक बुजवायला आपल्या गॅरेजमध्ये 'लांबी' भरतात, तसलंच काहीतरी तिकडेही भरतात. वर रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही. पण लोहचुंबकाला कळतं! पोलादी पत्र्यावर ते चिकटतं, जाड लांबीवर चिकटत नाही. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मध्ये पातळ फडकं धरायचं. चाकांवरच्या कमानी, दारांचा खालचा काठ आणि डिकीचा तळ, या गंजाच्या आवडत्या जागा. तिथे आधी बघायचं.

मग गाडी घेतल्यावर ती चकचकीत करावी की तशीच ठेवावी? यावरही दोन तट आहेत. सडलेली गाडी वाचवायची तर पत्रा बदलावाच लागतो. पण मूळ रंग, मूळ सीट शाबूत असतील, तर हात न लावलेलंच बरं, असं अनेक जाणकार मानतात. तुमच्यापैकी जे नाणी जमवतात त्यांना हे लगेच पटेल. जुनं नाणं घासूनपुसून चमकवलं की त्याची किंमत उतरते. 'बुलिट'च्या मस्टँगवर सिनेमाच्या वेळी पाडलेल्या खुणा तशाच होत्या. कुटुंबाने मॅक्वीनचं पत्रही जपून ठेवलं होतं. त्या खुणा आणि तो कागद, हाच तिचा पुरावा होता. नवा रंग मारला असता, तर एक पुरावा पुसला गेला असता.

आई-बाबांसाठी चार ओळी

'मग आपणही जुनी गाडी घेऊन ठेवू या की!' असं एखादा चलाख दोस्त म्हणेल. थांबा! या किमती वर जातात तशा खालीही येतात. २००८ साली अमेरिकेत आर्थिक संकट आलं तेव्हा मसल कारच्या चढलेल्या किमती धाडकन उतरल्या. ज्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या होत्या, त्यांचे हात पोळले. शिवाय गॅरेज, विमा, सुटे भाग, लिलावाचे टक्के, हे सगळं वजा करायचं असतं. ६,००० डॉलरना ती मस्टँग घेणाऱ्या गृहस्थांनी कोटींचं स्वप्न बघितलं नव्हतं. त्यांना गाडी आवडली होती, एवढंच.

आपल्या घरी मसल कार नसेल, पण सेकंडहँड स्कूटर किंवा मोटारसायकल पुष्कळ घरांत येते. तिथेही हाच गुप्तहेरपणा करायचा. आरसी बुकावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर छापलेले असतात. तेच दोन नंबर गाडीवरही ठोकलेले असतात. पैसे देण्याआधी दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवून बघा. नंबर घासलेला दिसला, तर सरळ नमस्कार करून निघा. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर ते फिटल्याचा कागद मागा. विकणारा 'नंतर देतो' म्हणाला, तर आपणही पैसे 'नंतर देतो' म्हणायचं!

या आठवड्याचा उद्योग

घरातल्या मोठ्यांना विचारून, त्यांच्यासमोरच, घरच्या किंवा काकांच्या दुचाकीचे दोन्ही नंबर शोधा आणि आरसीशी जुळवा. गाडी बंद आणि इंजिन थंड असू द्या. नंबर कुठे सापडले ते वहीत लिहा. नंबर मात्र लिहून आम्हाला पाठवू नका. ते घरातच राहू द्यायचे असतात.

आणि हे छोटंसं गणित. एका लिलावात २,००,००० डॉलरवर हातोडा पडला. खरेदीदाराने वर १० टक्के दिले. विकणाऱ्याच्या पैशांतून संस्थेने ८ टक्के कापले. तर खरेदीदाराने एकूण किती दिले, विकणाऱ्याला किती मिळाले आणि मधल्यामध्ये संस्थेकडे किती गेले? आधी स्वतः करा, मगच खाली बघा.

(उत्तर : २,२०,००० डॉलर, १,८४,००० डॉलर, ३६,००० डॉलर.)

बरोबर आलं? शाब्बास! मग आता बाबांना विचारा. बघू या त्यांना जमतं का. पुढच्या आठवड्यात भेटूच!